शेवटचे वर्ष आणि संघातील जागा : ग्रामीण शाळा-महाविद्यालयांतील संघनिवडीत ज्येष्ठतेचे स्थान

गोषवारा

शालेय व आंतरमहाविद्यालयीन क्रीडास्पर्धांसाठी संघ निवडताना शेवटच्या वर्षातील विद्यार्थ्यांना आपोआप जागा देण्याची रूढी अनेक ठिकाणी आढळते. ही रूढी कोठेही लिहिलेली नसते; म्हणूनच तिची चिकित्सा क्वचित होते. बारामती तालुक्यातील सुपे परिसरासारख्या जिरायती भागातील शाळा-महाविद्यालये डोळ्यांसमोर ठेवून, या रूढीतील न्याय्य अंश कोणता आणि अन्याय कोठे सुरू होतो, हे प्रस्तुत लेखात तपासले आहे.

बीजसंज्ञा : संघनिवड, ज्येष्ठता, राखीव खेळाडू, सवलतीचे गुण, सापेक्ष वय, ग्रामीण मुलींचा खेळ.

प्रस्तावना

जूनमध्ये शाळा भरते, जुलैत मैदान ओले असतानाच सरावाला सुरुवात होते आणि पावसाळा सरण्याच्या सुमारास तालुकास्तरावरील कबड्डी, खो-खोच्या स्पर्धा लागतात. एवढ्या अवधीत क्रीडाशिक्षकाला बारा नावांची यादी करावयाची असते. सतरा वर्षांखालील गटात दहावीची, नववीची आणि अंगाने थोराड असतील तर आठवीचीही मुले त्याच बारा जागांसाठी उभी असतात. यादी फलकावर लागण्याच्या आधी शिक्षककक्षात एक वाक्य हमखास ऐकू येते : “सर, तो दहावीला आहे, त्याचे हे शेवटचे वर्ष आहे.” महाविद्यालयात ‘दहावी’च्या जागी ‘टी. वाय.’ येते, बाकी वाक्य तेच राहते.

या वाक्यात विनंती असते तशीच एक विचारसरणीही असते. जो अधिक काळ थांबला त्याचा हक्क मोठा, असे ती मानते. रेशनच्या दुकानापासून नोकरीतील बढतीपर्यंत हाच न्याय आपण वापरतो. संघनिवडीत तो कितपत लागू पडतो, हा येथील प्रश्न आहे.

प्रश्न आपल्याकडचाच नव्हे

या प्रश्नाचे ठसठशीत रूप अमेरिकेतील शाळांत पाहावयास मिळते. ‘चिअरलीडर’ हा शब्द सर्वसामान्य भारतीय प्रेक्षकाला परिचित झाला तो २००८ मध्ये इंडियन प्रीमियर लीगचे सामने सुरू झाल्यावर. अमेरिकेत मात्र ही परंपरा १८९८ मध्ये मिनेसोटा विद्यापीठाच्या फुटबॉल सामन्यांपासून चालत आली आहे. आज तेथील शाळांत त्यासाठी कसरतीचा कठोर सराव करावा लागतो आणि पथकात जागा मिळणे प्रतिष्ठेचे मानले जाते. बहुतेक ठिकाणी दोन पथके असतात : मुख्य ते ‘वर्सिटी’ आणि दुय्यम ते ‘ज्युनिअर वर्सिटी’. वरच्या वर्गातील मुलींना मुख्य पथकात आपोआप घ्यावे काय, यावर तेथे पालक आणि प्रशिक्षक हिरिरीने भांडतात.

हे भांडण किती दूर जाऊ शकते याचे उदाहरण पेनसिल्व्हेनिया राज्यातील महनॉय येथील आहे. २०१७ मध्ये तेथील एका विद्यार्थिनीला दुय्यम पथकात एक वर्ष काढल्यानंतरही मुख्य पथकात जागा मिळाली नाही. उलट नव्याने दाखल होणाऱ्या, तिच्याहून लहान मुलीची मुख्य पथकात निवड झाली. संतापाच्या भरात तिने समाजमाध्यमावर शिवराळ मजकूर टाकला. शाळेने तिला वर्षभरासाठी पथकातून काढले आणि प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयात गेले. २३ जून २०२१ रोजी आठ विरुद्ध एक अशा बहुमताने निकाल विद्यार्थिनीच्या बाजूने लागला. हा निकाल अभिव्यक्तिस्वातंत्र्यापुरता होता. मूळ दुखणे, म्हणजे वर्षभर थांबलेलीला डावलून नवख्या मुलीला घेणे योग्य की अयोग्य, हे न्यायालयापुढे आलेच नाही. ते येण्यासारखेही नव्हते. हा निर्णय अखेर शाळेलाच करावा लागतो.

लेझीम पथक आणि कबड्डीचा संघ

आपल्याकडे या पथकाशी जवळचे नाते सांगणारा प्रकार म्हणजे शाळेचे लेझीम पथक. १९८२ च्या दिल्लीतील आशियाई क्रीडास्पर्धांच्या उद्घाटनात लेझीमने साऱ्या देशाचे लक्ष वेधून घेतले होते. खेड्यातील शाळांत तर प्रजासत्ताक दिन आणि गावची जत्रा लेझीमशिवाय पार पडत नाही. या पथकात ज्येष्ठतेवरून वाद झाल्याचे फारसे ऐकिवात नाही. कारण सरळ आहे : पथकाची संख्या लवचीक असते. चाळीस मुले असोत वा साठ, ओळी वाढवता येतात. मोठी मुले पुढच्या ओळीत, लहान मुले मागे. मागचा पुढच्याची पावले पाहून शिकतो आणि दोन वर्षांनी स्वतः पुढे येतो. येथे ज्येष्ठता हीच शिकवण्याची रीत आहे. एकाला पुढे उभे केल्याने दुसऱ्याची जागा जात नाही.

कबड्डीच्या संघात नेमके हेच घडत नाही. बारा म्हणजे बारा. त्यांतील सात मैदानात आणि पाच राखीव. एक नाव आत आले की एक बाहेर जाते. लेझीम पथकातील निरुपद्रवी रूढी संघाला जशीच्या तशी लावली की तिचा स्वभाव बदलतो, आणि हा बदल सहसा कोणाच्या लक्षात येत नाही.

तालमीची रीत या बाबतीत अधिक शहाणपणाची वाटते. तालमीत ज्येष्ठतेला मोठा मान. वस्तादापुढे आणि जुन्या पैलवानापुढे नवख्याने मान लववायची, हौदाची माती उकरायची, मेहनत घेणाऱ्याच्या हाताखाली राबायचे. परंतु कुस्तीच्या फडात जोड लावली जाते ती तोडीस तोड पाहून. कोण तालमीत आधी आला हे तेथे कोणी विचारीत नाही. पाठ मातीला लागली की निकाल साऱ्या गावाच्या डोळ्यांसमोर होतो. मान आणि जोड या दोन गोष्टी तालमीने वेगळ्या ठेवल्या. शाळेने त्या एकत्र केल्या.

ज्येष्ठांच्या बाजूने

असे असले तरी ज्येष्ठांचा दावा निव्वळ भावनिक म्हणून झटकून टाकता येत नाही. त्यात निदान दोन गोष्टी खऱ्या आहेत.

पहिली अनुभवाची. कबड्डीत कोपरारक्षक व त्याच्या शेजारचा खेळाडू हाताची साखळी धरून उभे राहतात. चढाई करणारा बोनस रेषेकडे पाय टाकतो त्या क्षणी घोट्याला हात घालायचा की त्याला आणखी आत येऊ द्यायचे, हे दोघांना एकाच वेळी कळावे लागते. ही समज एकत्र खेळलेल्या दिवसांतून येते. खो-खोमध्ये खांबावरचा सूर धाडसाने मारता येईल, परंतु खो नेमका कोणत्या क्षणी द्यायचा हे सरावानेच उमगते. म्हणजे दहावीचा मुलगा अनेकदा संघात असतो तो त्याला हे येते म्हणून. तो दहावीत आहे म्हणून नव्हे. अशा मुलाला आपोआप जागेची गरजच पडत नाही. ती रूढी कामी येते ती त्याच्या मागच्या, चाचणीत कमी पडणाऱ्या मुलासाठी.

दुसरी गोष्ट कष्टांची. अनुदानाच्या तुटपुंज्या रकमेत चालणाऱ्या शाळेत मैदान आखणे, दगड वेचणे, पाणी मारणे ही कामे मुलेच करतात. दोन वर्षे जो राखीव म्हणून बाकावर बसला, सामन्याला गेला, हरलेल्यांना पाणी दिले, त्याला तिसऱ्या वर्षीही “बस” म्हणणे कठीण जाते. ही कृतज्ञता शिक्षकाला शोभणारीच आहे. मात्र तिची परतफेड दुसऱ्या विद्यार्थ्याच्या जागेतून करण्याचा अधिकार शिक्षकाला आहे का, हा प्रश्न उरतो.

गुणांचे गणित

रूढीला अलीकडे अधिक धार आली ती गुणांमुळे. राज्यात क्रीडाप्रावीण्याबद्दल परीक्षेत सवलतीचे गुण देण्याची तरतूद आहे. त्यांची कमाल मर्यादा २५ आहे. हे गुण पदरात पडतात ते दहावीच्या आणि बारावीच्या निकालात. शिवाय ३० एप्रिल २००५ च्या शासन निर्णयाने शासकीय सेवेत खेळाडूंसाठी ५ टक्के समांतर आरक्षण ठेवले आणि खेळाच्या प्रमाणपत्राकडे पाहण्याची ग्रामीण पालकांची दृष्टीच बदलली. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलांना तर या प्रमाणपत्राचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. साहजिकच ‘शेवटचे वर्ष’ या शब्दांमागे आता भावनेबरोबर हिशेबही उभा असतो. दहावीच्या मुलाला यंदा गुण हवेत, नववीच्या मुलाला पुढच्या वर्षी मिळतील. मग वाद कशाला?

हा हिशेब स्पर्धेच्या रचनेपुढे टिकत नाही. शालेय स्पर्धा बाद पद्धतीने होतात. तालुक्याला एक सामना हरला की संघाचे वर्ष संपले. तालुकास्तरावर बाद झालेल्या संघाच्या वाट्याला सवलतीचे गुण येत नाहीत. त्यासाठी निदान जिल्ह्यापर्यंत मजल मारावी लागते. केवळ इयत्ता पाहून दुबळ्या खेळाडूंना सातांत उतरवले आणि संघ पहिल्याच फेरीत गारद झाला, तर ज्यांच्या गुणांसाठी हे केले त्यांनाही गुण नाहीत आणि ज्यांना वगळले त्यांनाही नाहीत. ज्येष्ठांना गुण मिळवून देण्याचा खात्रीचा मार्ग शोधायचाच असेल, तर तो उत्तम सात जणांना खेळवण्याचा आहे. प्रमाणपत्र यादीतील बाराही जणांना मिळते. सामना मात्र सातांनाच जिंकावा लागतो.

आणखी एक परिणाम दुसऱ्या वर्षी दिसतो. साताही जागा दहावीने व्यापल्या असतील, तर पुढच्या जूनमध्ये शाळेपाशी प्रत्यक्ष सामना खेळलेला एकही खेळाडू उरत नाही. नवा संघ पुन्हा शून्यापासून उभा राहतो, तालुक्याला पुन्हा हरतो, आणि “आपल्या मुलांत दमच नाही” असा निष्कर्ष निघतो.

थांबण्याची किंमत

ज्येष्ठतेचा न्याय एका अटीवर उभा असतो, आणि ती अट सहसा बोलून दाखवली जात नाही. आज थांबणाऱ्याची पाळी उद्या नक्की येईल, ही ती अट. बँकेच्या रांगेत उभा असलेला माणूस थांबतो, कारण खिडकी आपल्यापर्यंत पोहोचेल असा त्याला भरवसा असतो. रांगेतल्या काहींची पाळी येण्याआधीच त्यांना निघून जावे लागणार असेल, तर अशी रांग सर्वांना सारखी वागवीत नाही.

सुपे परिसरात ही अट कितपत पाळली जाते? पुणे व सुपे ही शहाजीराजांची जहागीर म्हणून इतिहासात नोंदलेले हे गाव १६५६ मध्ये शिवाजीराजांनी संभाजी मोहिते यांच्याकडून ताब्यात घेतले. भूगोल मात्र इतिहासाइतका उदार नाही. नीरा डाव्या कालव्याने बारामती-इंदापूरचा जो पट्टा बागायती केला, तो सुप्याच्या वाट्याला आला नाही. हा भाग जिरायती राहिला आणि पाण्यासाठी जनाई-शिरसाई उपसा योजनेकडे डोळे लावून बसला. अशा भागात दहावीनंतर मुलांच्या वाटा फुटतात. कोणी अकरावीसाठी बारामतीला जातो, कोणी पुण्याला मामाकडे, कोणी आय. टी. आय. ला, कोणी घरच्या शेळ्यांमागे. नववीत “पुढच्या वर्षी” असे ऐकलेला मुलगा पुढच्या वर्षी त्याच शाळेत असेल, त्याच खेळात असेल, हे गृहीत धरता येत नाही.

मुलींच्या बाबतीत ही अट अधिकच मोडते. मुलीचा खेळ दहावीच्या उंबरठ्यावर सुटतो, हे ग्रामीण भागातील क्रीडाशिक्षकाला कोणी सांगावे लागत नाही. “आता अभ्यास कर”, “आता मोठी झालीस”, “संध्याकाळी उशीर नको”, अशा तीन वाक्यांत तो थांबतो. आठवीतील चपळ मुलीला खो-खोच्या संघातून केवळ लहान म्हणून वगळले, तर तिला मिळालेले आश्वासन दोन वर्षांनी वटणारे असते, आणि ती दोन वर्षे तिच्या हातात नसतात. मुलाच्या बाबतीत ज्येष्ठता म्हणजे उशीर; मुलीच्या बाबतीत अनेकदा तीच नकार ठरते. एकच नियम दोघांना लावल्याने समान वागणूक दिली, असे येथे म्हणता येत नाही.

याचा अर्थ लहान मुलींना वयाची सवलत द्यावी असा नाही. चाचणीत जी पुढे असेल तिला लहान म्हणून मागे ठेवू नये, एवढाच आहे. मुंबईच्या निवड समितीने डिसेंबर १९८८ मध्ये सचिन तेंडुलकरला पंधराव्या वर्षी रणजी संघात खेळवले तेव्हा त्याची इयत्ता विचारात घेतली नाही. अर्थात तेंडुलकर हे अपवादात्मक उदाहरण आहे आणि त्यावरून नियम बांधणे धोक्याचे. प्रत्येक शाळेत तेंडुलकर नसतो. थांबायला वेळ नसलेली मुले मात्र प्रत्येक शाळेत असतात.

वयाचा छुपा लाभ

ज्येष्ठांना जागा राखून ठेवण्याविरुद्ध आणखी एक शास्त्रीय मुद्दा आहे. वयाचा लाभ त्यांना न मागताही मिळत असतो. कॅनडातील मानसशास्त्रज्ञ रॉजर बार्नस्ली यांनी १९८५ मध्ये सहकाऱ्यांसह तेथील आइस हॉकीपटूंच्या जन्मतारखा तपासल्या. वरच्या दर्जाच्या संघांत जानेवारी ते मार्चमध्ये जन्मलेल्यांचे प्रमाण वर्षाअखेरच्या महिन्यांत जन्मलेल्यांपेक्षा ठळकपणे अधिक निघाले. वयोगटाची गणना १ जानेवारीपासून होत असल्याने जानेवारीचा मुलगा डिसेंबरच्या मुलापेक्षा जवळजवळ वर्षभराने मोठा असतो. लहान वयात वर्षभराची वाढ म्हणजे उंची, वजन आणि ताकद. प्रशिक्षक त्यालाच गुणवत्ता समजतो, त्याला अधिक सराव देतो आणि पुढे ती समजूत खरी होते. यास ‘सापेक्ष वयाचा परिणाम’ म्हणतात. आपल्या शालेय स्पर्धांतही वयाची मोजणी १ जानेवारीवरूनच होते.

(ग्रामीण महाराष्ट्रातील मागच्या पिढीवर अशी पाहणी करता आली नसती. गुरुजींनी शाळेत नाव घालताना लिहिलेली १ जून ही जन्मतारीख निम्म्या वर्गाची असे. जन्मनोंदणी आता काटेकोर झाली आहे. तेव्हा असा अभ्यास एखाद्या महाविद्यालयाने हाती घ्यावयास हरकत नाही.)

तात्पर्य, चाचणी उघड आणि निःपक्ष असली तरी मोठ्या मुलांचे पारडे तिच्यात थोडे जडच राहते. त्यावर आणखी जागा राखून ठेवणे म्हणजे एकाच कारणासाठी दोनदा माप घालणे होय. वजनाची मर्यादा असलेल्या कबड्डीच्या गटांत मात्र हे गणित उलटेही पडते : दहावीतला भरलेल्या अंगाचा मुलगा काट्यावर बाद होतो आणि सडपातळ नववीतला आत येतो. तेव्हा काट्यासमोर ज्येष्ठतेचा दाखला कोणी देत नाही, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

निवडीची रीत

मग ज्येष्ठांच्या कष्टांचे काय? त्यांना स्थान द्यावे, पण ते सातांत देऊ नये. पाच राखीव जागांपैकी एखादी जागा, चाचणीत किमान पात्रता गाठलेल्या शेवटच्या वर्षातील विद्यार्थ्याला देण्यास हरकत नसावी. त्याने प्रमाणपत्राचा प्रश्न सुटतो आणि मैदानावरील खेळ बिघडत नाही. लहान मुलांची राखीव जागा त्यामुळे एकाने कमी होते, हा तोटा खरा आहे. तो मान्य करूनच ही तडजोड करावी लागेल. याखेरीज लहान गटाच्या सरावाची जबाबदारी, शाळेच्या अंतर्गत स्पर्धांतील पंचगिरी, गुणलेखन अशी कामे ज्येष्ठांकडे सोपवता येतात. पुण्यात १९६३ पासून महाराष्ट्रीय कलोपासक संस्था घेत असलेल्या पुरुषोत्तम करंडक स्पर्धेत महाविद्यालयांचे जुने विद्यार्थी-कलावंत प्रकाशयोजना, नेपथ्य, दिग्दर्शन अशा बाजू सांभाळतात आणि त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही. खेळात अशा भूमिकांची प्रतिष्ठा आपण अजून निर्माण केलेली नाही.

निवड करणारा एकटा नसावा. शाळेचा क्रीडाशिक्षक मुलांना वर्षानुवर्षे ओळखतो. ती ओळख त्याचे बळ असते आणि दुबळेपणाही. शेजारच्या शाळेतील वा महाविद्यालयातील शारीरिक शिक्षणाचा एखादा प्राध्यापक चाचणीला बोलावला तर त्याला इयत्ता दिसत नाही, खेळ दिसतो. वगळलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याला कारण समक्ष सांगावे. “तुझी चढाई चांगली आहे, पण परतताना मध्यरेषेकडे पाठ करतोस” हे वाक्य नववीतल्या मुलाला वर्षभराचे काम देते. “तू अजून लहान आहेस” हे वाक्य काहीच देत नाही.

सरावाची हजेरी हा निकष अनेकांना ज्येष्ठतेपेक्षा न्याय्य वाटतो. तो वापरताना मात्र सावधगिरी हवी. वाड्या-वस्त्यांवरून येणाऱ्या मुलींना एस. टी. चा मोफत पास असला तरी शेवटची गाडी सराव संपेपर्यंत थांबत नाही. हजेरीवर जागा ठरली, तर ती अंतरावर ठरते. म्हणून सरावाचा निदान अर्धा भाग शाळेच्या वेळेत बसवावा लागेल, आणि त्यासाठी मुख्याध्यापकांना वेळापत्रकातील दोन तासिका सोडाव्या लागतील. निकष मार्चमध्येच, पुढच्या वर्षी कोण कोणत्या वर्गात असेल याचा विचार सुरू होण्याआधी, लेखी स्वरूपात जाहीर करावेत. मुलींच्या संघाची चाचणी तर मधल्या सुट्टीनंतर लगेच घ्यावी. साडेपाचला ठेवलेली चाचणी ही गावठाणात राहणाऱ्या मुलींपुरतीच असते.